शेंदराखालचे ठोके

आमच्या मिलिटरी आडवलीत दगडांना तोटा नाही, आणि ज्यांच्यासाठी ते उभारायचे त्या माणसांनाही नाही. भैरोबाच्या देवळाबाहेर जुन्या वीरगळांची ओळच आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस लढतोय, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतायत, वरच्या चौकटीत तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय, आणि सगळ्यात वर चंद्रसूर्य. म्हणजे हे दोघं असेतोवर तुझं नाव राहील. नाव त्यातल्या एकाचंही राहिलेलं नाही. एका वीरगळावर तर माझी चुलतसासू कित्येक वर्षं धुणं आपटत होती. तो कशाचा दगड आहे हे कळल्यावर म्हणाली, "तरीच बाई, लुगडी टिकत नव्हती."

त्या ओळीच्या शेवटी माझ्या नवऱ्याचा वीरगळ आहे. नाईक विक्रांत जगन्नाथ निकम. हा मात्र नव्या जातीचा. याला हात लावला की आत विक्रांतचं काळीज वाजतं. मागच्या अंगाला पेटंटचा नंबर कोरलाय, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या नंबरालाही बोट टेकवतात. आधी मला हसू यायचं.

मी वृषाली. गावात माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवय लागलीय आणि लोकांचं बोलणं निम्मंच कानावर येतं. दुसरं जास्त उपयोगाचं आहे. पण यंत्र म्हटलं की मी कान देते. दगड बसवायला आलेल्या माणसाला मी खोदून खोदून विचारलं होतं, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सरहद्दीवरच्या प्रत्येक जवानाला आता गणवेशाच्या आत घालायला एक बनियन देतात. तिच्या धाग्यांतच ठोके, श्वास आणि घाम मोजायची सोय असते. हेतू साधा. कोण जखमी झालं, अजून जीव आहे का, हे मागच्या तळावर कळावं. पण बनियन काही फक्त लढाईतच मोजत नाही. जवान चौकीवरून घरी फोन लावतो तेव्हाही ती मोजतच असते. फोनच्या या टोकाला बाप आहे की बायको, ते फोनला ठाऊक असतं. पुण्यातल्या एका कंपनीच्या लक्षात आलं, की या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणाशी बोलताना ह्या माणसाचं काळीज कसं चालत होतं ते नेमकं हाती येतं. त्यांनी पेटंट घेतलं. माणूस गेला की त्याचे ते ठोके दगडात भरायचे. दगडाच्या पोटात स्फटिकाच्या पातळ चकत्या असतात. वीज मिळाली की त्या किंचित फुगतात, आकसतात, आणि दगड थरथरतो. वीज येते ती वरचा तापलेला दगड आणि खालची गार जमीन यांच्यातल्या फरकातून. बॅटरी नाही, वायर नाही. पुढच्या अंगाला तळव्याएवढी खोलगट जागा असते. तिथं हात ठेवला की तळव्याच्या रेषांवरून दगड ओळखतो हा कोण, आणि त्या माणसाशी बोलताना विक्रांतचं काळीज जसं चालायचं तसा चालायला लागतो. परका हात लागला तर गप्प बसतो.

"चंद्रसूर्य असेतोवर चालेल, ताई," तो माणूस म्हणाला होता. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

पहिला हात ठेवला आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे सासरे, सुभेदार जगन्नाथ निकम. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गावातली पोरं त्यांना बघून गाडीवरून खाली उतरतात. विक्रांतची पेटी आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तळवा टेकवला आणि दगड असा धावत सुटला, की वर वाहिलेली झेंडूची फुलं घरंगळून खाली आली. आप्पा सगळ्यांसमोर रडले. म्हणाले, "बघा, माझ्या पोराचं काळीज अजून बापासाठी धावतंय."

मग मी हात ठेवला. दगड चालला, पण सावकाश. एक ठोका, जरा थांबून दुसरा, मधेच एखादा रेंगाळलेला. फूल हललं नाही. मागून कुणीतरी बाई हळूच बोलली, "हिच्यासाठी एवढं काही नव्हतं वाटतं." गावाचं तोंड कोण धरणार. पण गावाचं सोडा, मीसुद्धा तेच मनात धरून बसले. ह्या माणसाची मी किती वाट पाहिली, त्याचं पोर वाढवलं, आणि त्याचं काळीज माझ्यासाठी जागचं हललं नाही. मी त्या दगडाला पुन्हा हात लावला नाही.

माझा ओजस तेव्हा लहान होता. कंपनीनं त्याच्या तळव्याचा ठसा घरी येऊन घेतला होता, पण देवळापाशी न्यायला गेलं तर तो गिरणीतल्या ज्वारीच्या पोत्यांमागं दडून बसला. "दगडात बाबा नसतात," म्हणाला. मी ओढून नेलं नाही.

आता वीरगळ म्हटला की आमच्याकडं शेंदूर आलाच. आप्पांनी अमावास्येला तेलात कालवून थोडा लावला. मग गुरवानं लावला, मग गावानं. थरावर थर चढत गेले आणि दगडावर शेंदराची जाड खोळ झाली, तळव्याची जागासुद्धा भरून गेली. आणि मग एक नवलच झालं. दगड कुणासाठीही धावायला लागला. भरतीला निघालेल्या एका पोरानं पाया पडताना सहज हात टेकवला, तर आत धडधड सुरू. तो भरती झाला. झालं, कौल सुरू झाला. दगडाच्या माथ्यावर सुपारी ठेवायची, पोरानं हात लावायचा. सुपारी थरथरून खाली पडली की विक्रांतदादानं 'जा' म्हटलं. ती पडतच होती. आजूबाजूच्या गावांतून पोरं यायला लागली. त्यातली दोन पुढं पेटीतून परत आली, तरी कौलाला कुणी बोल लावला नाही. उलट मान वाढला.

आणि बघता बघता ओजस अठरा वर्षांचा झाला. रोज पहाटे आप्पा त्याला माळावर पळवायचे, मी दारात उभी राहून बघायचे. एक दिवस जेवताना आप्पा म्हणाले, "रविवारी कौल घेऊ. पुढच्या आठवड्यात भरती आहे."

"मला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

"तुला काय विचारायचंय? त्याच्या बापाला विचारतोय ना."

"ओजस, तुला जायचंय?"

ओजस ताटाकडं बघत होता. "बाबा जा म्हणाले तर जाईन. नाही म्हणाले तर तुझ्याबरोबर गिरणी चालवीन. मला त्यांना एकदा विचारायचंय, आई. मी कधी विचारलंच नाही."

त्याच्या तोंडावरून कळत होतं, की सुपारी पडली नाही तर पोर सुटेल. पण ती तर सगळ्यांचीच पडायची.

त्याच आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर आला. निनाद आगाशे नावाचा, माझ्याच वयाचा, शांत माणूस. दगड अधूनमधून आपली खबर कंपनीला कळवतो म्हणे, आणि त्यात काहीतरी गडबड दिसत होती. देवळापाशी जाऊन आला आणि गिरणीत माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसला.

"ताई, शेंदरामुळं दगडाला रेषा वाचता येत नाहीत. हात ओळखू आला नाही की त्यानं गप्प बसायला हवं. पण ओल्या खोळीतून नुसता दाब पोचला, की त्याला वाटतं शेवटचा ओळखलेला हातच पुन्हा टेकलाय. तो हात आप्पांचा. कुणीही हात लावला तरी दगड आप्पांसाठीच वाजतोय."

"म्हणजे सगळ्या पोरांना मिळाला तो कौल..."

"विक्रांत आप्पांशी बोलताना जसे असायचे, तो." त्यानं आवाज खाली आणला. "आणि ते धावणं प्रेमाचं नाही, ताई."

गिरणी बंद करून मी त्याच्यासमोर बसले. त्यानं मला सरळ समजावलं. काळीज किती जोरात चालतं त्यावरून काही ठरत नाही. दोन ठोक्यांतलं अंतर बघायचं. माणूस निवांत असला, सुखात असला, की ते अंतर सारखं बदलत राहतं. श्वास घेतला की कमी, सोडला की जास्त. ठोके सैल पडतात. जीव मुठीत धरला, की अंतर एकसारखं होतं. ठोके कडक होतात, एकाला एक धरून. आप्पांच्या हाताखाली येतात ते कडक ठोके. शेवटच्या दिवशी चौकीवर गोळे पडत होते तेव्हाचे विक्रांतचे ठोकेही तसेच आहेत.

मला एकदम दिसायला लागलं. विक्रांत सुट्टीवर आला की आप्पा अंगणात दिसले रे दिसले, तो खाटेवरून उठून उभा राहायचा. माझ्याशी फोनवर लोळत बोलायचा, आणि मी म्हटलं आप्पांना देते, की पडद्यावर लगेच पाठ ताठ, कॉलर सारखी. एकदा त्यानं नोकरी सोडून घरी यायचं काढलं होतं. आप्पा म्हणाले होते, निकमांच्या घरात कुणी मधूनच परत येत नाही. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही.

"आणि माझे?" मी विचारलं. "मी पहिल्या दिवशी हात ठेवला होता. मला कळू द्या."

त्यानं हातातल्या काचेच्या पाटीवर शोधलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "ताई, इतके सैल ठोके मी फार थोड्या ठिकाणी पाहिलेत. तुमच्याशी बोलताना त्यांचं शरीर विसावलेलं असायचं. बाकी कुठंच नाही."

एवढी वर्षं मी त्या माणसावर रुसून होते. कुणी येऊन दोन शब्दांत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी आगाशेंना तसं बोललेही.

"किती घरांत असं आहे?" मी विचारलं.

"बापांच्या बाबतीत? बऱ्याच." त्यानं चष्मा पुसला. "दगडाचा अर्थ सांगायचा नाही असा कंपनीचा नियम आहे. लोक म्हणतात ऊर भरून आला. आम्ही म्हणतो, हो."

"ओजसचे ठोके कसे आहेत?"

"ते मला उघडता येत नाहीत. त्याचा स्वतःचा तळवाच लागतो. लहानपणीचा ठसा चालेल, तळवा वाढला तरी रेषा त्याच राहतात. फक्त शेंदूर काढावा लागेल, आणि त्याला मी हात लावणार नाही. गेल्या महिन्यात एका गावानं आमच्या माणसाला त्यावरून मारलं."

मी मनाशी हिशेब मांडला. लहानग्या ओजसशी बोलताना विक्रांत हसायचा, लाडात यायचा. म्हणजे ठोके माझ्यासारखेच, सावकाश. शेंदूर निघाला की सुपारी पडायची नाही. पोर घरी राहील.

पण आधी आप्पांशी बोलले. चोरून करायला नको वाटलं. ते ओट्यावर दाढी करत होते. मी सगळं सांगितलं, आगाशे म्हणाले तसं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"भीती नव्हे ती. शिस्त. सुभेदारापुढं शिपायाचं काळीज असंच वाजतं."

"तो सुभेदाराला फोन करत नव्हता आप्पा. बापाला करत होता."

"माझ्या पोराला तू भित्रा म्हणतेस?"

"तो गोळ्यांना जेवढा घाबरला तेवढाच तुम्हाला घाबरला. आणि दोन्हीकडं उभा राहिला. त्याला मी भित्रा कशी म्हणेन?"

अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठून आत गेले. त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत, पण दगडापाशी जायचेही थांबले.

शनिवारी गावात लग्न होतं. भर दुपारी देवळाकडं कुणी नव्हतं. मी तेल गरम करून नेलं आणि उलथनं घेतलं. कडेनं तेल सोडत सोडत उचकटत गेले तशी खोळ सैल झाली, आणि पोळीचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी हातात आली. खालून विक्रांतचा दगड निघाला, पहिल्या दिवशीसारखा काळाभोर. मी पदरानं ती खोलगट जागा पुसली आणि हात ठेवला. एक ठोका. जरा थांबून दुसरा. मधेच एखादा रेंगाळलेला. तो माझ्या मांडीवर डोकं टेकून पडायचा तेव्हासारखाच. मी तिथं खाली बसून पोटभर रडले, आणि खरं सांगते, त्या घटकेला मी सुखी होते. मग खोळ दगडाच्या पायाशी ठेवून घरी आले.

चूक माझी ती तिथंच झाली. खोळ मी विहिरीत टाकायला हवी होती.

देवानं स्वतःहून खोळ टाकणं म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पिढ्यांतून एकदा घडतं. देव जुनं अंग टाकतो, नव्यानं जागा होतो, आणि त्यानंतरचा पहिला कौल कधी खोटा जात नाही. गुरवानं लग्नाच्या मांडवात येऊन ओरडून सांगितलं. जेवणावळी टाकून माणसं धावली. रविवारी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती, ढोल आले होते, आणि पहिला कौल कुणाचा तर अर्थात विक्रांतच्या पोराचा. मी गप्प राहिले. म्हटलं, जमू दे गाव. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुपारी जागेवर राहू दे. मग ओजसला कुणी पुन्हा विचारणार नाही.

गुरवानं माथ्यावर सुपारी ठेवली. आप्पा आले होते. दगडाच्या डाव्या बाजूला उभे राहिले, कुणाकडं बघत नव्हते. ओजसनं डोळे मिटले आणि तळवा त्या जागेत ठेवला.

दगड क्षणभर गप्प राहिला. मग धावत सुटला.

सुपारी उडून गुरवाच्या पायाशी पडली. गावानं भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं, ढोल सुरू झाले. मी गर्दीतून पुढं घुसले आणि दगडाच्या कुशीला हात लावला. आत काळीज उड्या मारत होतं. पण कडक नव्हतं. दोन ठोके जवळ, तिसरा लांब, मग चार एकदम, मग पुन्हा सैल. दात पडलेलं आपलं पोर फोनवर दिसलं की तो माणूस असा व्हायचा. त्याला ओजसचं सुख मावत नव्हतं. एवढं साधं मला आधी सुचलं नाही. माणूस आनंदानंही धावतो.

"ओजस, हे जा म्हणणं नाही," मी ओरडले. "बाबाला आनंद झालाय, एवढंच. तुला बघून त्याला आनंद व्हायचा."

"हो ना आई." त्याचे डोळे भरले होते. "मी जातोय म्हणून त्यांना आनंद झालाय."

पलीकडून आप्पांनीही दगडावर हात ठेवला होता. इतकी वर्षं रोज ज्यांनी ते कडक ठोके हाताखाली घेतले, त्यांना हा फरक कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा मी बघितला. मग त्यांनी ओजसचा दंड धरला.

"पोरा, जाऊ नकोस."

"सुपारी पडली, आप्पा."

"मी सांगतोय ना. तुझा आजा सांगतोय. नको जाऊस. तुझ्या बापालाही यायचं होतं घरी, मी येऊ दिलं नाही."

ओजसला ते परीक्षा घेतायत असं वाटलं. तो ताठ उभा राहिला, पाठ सरळ, कॉलर नीट केली. म्हणाला, "निकमांच्या घरात कुणी मधूनच परत येत नाही." आप्पांनीच त्याला माळावर पळवताना शिकवलेलं वाक्य होतं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी मी चारचौघांत सांगितलं, खोळ मी काढली म्हणून. पोराच्या मायेपोटी बाई वेडी झाली, असं म्हणून बायकांनी मला पाणी दिलं.

ओजस आता बर्फात आहे. बापाची चौकी होती त्याच डोंगररांगेत. वीरगळांच्या ओळीत विक्रांतच्या शेजारी ग्रामपंचायतीनं थोडी जागा मोकळी सोडली आहे. का, ते कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याचा फोन आला की आप्पा उठून बाहेर जातात. ओजस दरवेळी म्हणतो, आप्पांना दे ना, आणि मी म्हणते, शेतावर गेलेत. ते भिंतीपलीकडं ओट्यावर बसलेले असतात, नातवाचा आवाज ऐकत. एकदा मी म्हटलं, आप्पा, बोला एकदा तरी. तर म्हणाले, "माझा आवाज ऐकला की तो ताठ होतो. बनियन अंगात असते त्याच्या."

मग मीच बोलते. गिरणीचा पट्टा पुन्हा तुटला ते सांगते, चुलतसासूनं कुणाशी भांडण काढलं ते सांगते. 'जपून राहा' म्हणत नाही, 'कधी येतोस' विचारत नाही. हसवते त्याला. तो हळूहळू सैल होतो, भिंतीला टेकतो, कधी कधी जांभईसुद्धा देतो, आणि मग मी आणखी सावकाश बोलते. पुढं माझ्या हाताखाली तो असाच यावा, म्हणून.